आरीने हिरावलेली दृष्टी

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या गावी झाला. वडील घोड्यांची खोगिरे बनवीत. वडिलांची हत्यारे हाताळत असताना तीन वर्षांच्या लुईच्या हातातील आरी निसटली आणि डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसरा डोळाही बाधित झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे गेली. प्रतिजैविके तेव्हा नव्हतीच. पण हत्यार मुलाच्या हाती लागले नसते, तर औषधाची वेळच आली नसती. आजही अशी इजा झाल्यास डोळा न चोळता तातडीने नेत्रतज्ज्ञांना दाखवावा लागतो.

१८१९ मध्ये ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तेथील उठावाच्या अक्षरांची पुस्तके अवजड होती. शार्ल बार्बिए या सैन्याधिकाऱ्याची बारा टिंबांची लिपी बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. ब्रेल यांनी १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, ती सहा टिंबांवर आणली. ही टिंबे उमटविण्याचे साधनही आरीसारखेच टोकदार, हा विलक्षण योगायोग! मराठी ब्रेल पुस्तकेही याच सहा टिंबांची असतात.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. फ्रान्सने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये.