परमुलखातील विद्यार्थ्याची शिदोरी



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आपल्या भंडारा जिल्ह्याला नवे नाही. १९५४ साली येथूनच त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व तीत त्यांना अपयश आले. पुढारी बाबासाहेब आपणांस ठाऊक आहेत. आज त्यांच्यातील विद्यार्थी पाहू या.

बाबासाहेब मुंबई इलाख्यातील. त्यांना मदत मिळाली ती बडोदे संस्थानची. सयाजीराव महाराजांनी प्रथम मुंबईच्या कॉलेजात असताना दरमहा २५ रुपये दिले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अट अशी, की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी.

पैसा मोजका, मुदतही मोजकी. त्यातूनच घरी रक्कम पाठवायची. म्हणून त्यांनी पोटाला चिमटा घेतला, वेळ मात्र वाया घालविला नाही. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. १९१५ साली एम. ए. होऊन पुढल्या वर्षी ते लंडनला गेले. परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांना लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांची सवलत मिळाली होती. म्हणून दार बंद झाले नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साह्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. १९२० साली, मुदतीच्या आत, ते लंडनला पोहोचले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले.

पालकहो, आपला मुलगा वा मुलगी परराज्यात शिकायला निघाली, की शिष्यवृत्तीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रक्कम किती महिन्यांची? उन्हाळी सत्राची फी व सुटीतला वसतिगृहाचा खर्च तीत धरला आहे काय? बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्याला ती लागू आहे काय? आणि विद्यार्थी मित्रांनो, पैसा मध्येच आटला तर गुपचूप गावी परतू नका. कॉलेजला अर्ज करा, परत येण्याची परवानगी लेखी घ्या. मदत संपली म्हणून शिक्षण संपत नाही.