खापऱ्या वाचणारे डॉ. सांकलिया

बालमित्रांनो, आपण लगोरीला खापऱ्या रचतो. अशाच खापऱ्यांसाठी एका माणसाने आयुष्य वेचले. ते म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

त्यांचा जन्म १९०८ साली मुंबईत झाला. घरची भाषा गुजराती. उत्खनन कसे करायचे ते त्यांनी विलायतेत शिकून घेतले. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

आपल्या शिराळ्याहून कोल्हापूर फार लांब नाही. तिथे पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. १९४५-४६ साली त्यांनी व डॉ. दीक्षितांनी ते खणले. वर बहामनी काळातल्या वस्तू निघाल्या. आणखी खाली गेल्यावर सातवाहनांच्या वेळची वस्ती लागली. म्हणजे जितकं खोल, तितकं जुनं!

पुढे त्यांनी जोर्वे, नेवासे, इनामगाव इथे उत्खनने केली. इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीची घरे सापडली. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं होती. गेलेलं लेकरू आईबापांना जवळच हवं असेल, असं मला वाटलं.

१९८९ साली डॉ. सांकलियांचे निधन झाले.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या खड्ड्यातून एक जाड खापरी निघाली. मी ती लगोरीला नेली नि फोडून टाकली. ती किती खोल होती, शेजारी काय होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला फार वाईट वाटतं.

म्हणून मित्रांनो आणि पालकांनो, खणताना जुनं काही दिसलं तर हलवू नका. आधी गुरुजींना सांगा.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी