उल्कापाषाणांचा कैवारी : अर्न्स्ट क्लाड्नी

१७५६ सालीं जर्मनींतील विटेनबर्ग येथें अर्न्स्ट क्लाड्नी याचा जन्म झाला. वडिलांच्या आज्ञेवरून त्यानें कायद्याचें अध्ययन केलें. परंतु १७८२ मध्यें ते वारल्यावर तो शास्त्राकडे वळला. कंप पावणाऱ्या पत्र्यावर वाळूच्या ज्या आकृति उमटतात, त्यांच्या शोधानें ध्वनिशास्त्रांत त्याचें नांव अमर झालें.

आकाशांतून दगड पडल्याचें खेडुतांनीं सांगितल्यास त्या काळचे बहुतेक विद्वान् ती भोळी समजूत म्हणून उडवून लावीत. क्लाड्नीनें गटिंगेनच्या ग्रंथालयांत जुने वृत्तांत मिळविले व न्यायाधीशाप्रमाणें साक्षी पडताळल्या. निरनिराळ्या देशांतील व काळांतील साक्षी जुळल्या. हे पाषाण अंतराळांतूनच येतात, असें त्यानें १७९४ मध्यें ग्रंथ लिहून प्रतिपादिलें. प्रथम उपहासच वांट्यास आला. पण १८०३ मध्यें फ्रान्सांतील लेग्ल गांवाजवळ भर दिवसा हजारों दगड पडले, आणि विद्वानांची शंका मावळूं लागली.

कायमची नोकरी त्याला कधींच लाभली नाहीं. गांवोगांव व्याख्यानें देऊन व स्वतः रचलेलीं वाद्यें वाजवून तो निर्वाह करी. तशा स्थितींतही त्यानें उल्कापाषाणांचा खाजगी संग्रह केला, आणि अश्ममय व लोहमय असा त्यांतील भेद स्पष्ट केला. १८२७ मध्यें तो निवर्तल्यावर हा संग्रह त्याच्या इच्छेनुसार बर्लिनच्या विद्यापीठास मिळाला. तेथेंच पुढें गुस्टाफ रोझ यानें उल्कापाषाणांचें सूक्ष्म वर्गीकरण केलें. त्यांतील कित्येक नांवें आजही रूढ आहेत.

सांगणारा किती थोर हें न पाहतां सांगणें किती खरें हें तपासावें, हाच या चरित्राचा बोध होय.