जॉन गंथर : एका पित्यानें उभारलेलें स्मारक

आपल्या दिवंगत अपत्याचें कांहीं तरी स्मारक असावें असें कोणत्याहि मातापित्यांस वाटतें. कोणी धर्मशाळा बांधतो, कोणी शाळेंत त्याच्या नांवानें पारितोषिक ठेवतो. अमेरिकन ग्रंथकार जॉन गंथर यांनीं जें स्मारक केलें त्याला दगडहि लागला नाहीं आणि चुनाहि लागला नाहीं. त्यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

गंथर यांचा जन्म इ. स. १९०१ मध्यें शिकागो शहरीं झाला. तेथील विश्वविद्यालयाची पदवी घेऊन ते बातमीदार झाले व युरोपच्या निरनिराळ्या राजधान्यांत त्यांनीं बरींच वर्षें काढलीं. १९३६ सालीं 'इनसाइड युरोप' हा ग्रंथ निघाला आणि त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. तीन वर्षांनीं आशिया खंडावरील ग्रंथ आला. त्यांत गांधीजी व पंडित नेहरू यांच्याविषयींहि विस्तारानें लिहिलें आहे. राजे, हुकूमशहा व मुत्सद्दी यांच्या गांठी घेणें हा ज्यांचा नित्यक्रम, त्यांच्या लेखणीवर स्वतःच्या मुलाचें मरण लिहिण्याची पाळी येईल हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

मुलगा जॉनी १९२९ सालचा. रसायनशास्त्राचें त्याला विलक्षण वेड. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील डीअरफील्ड येथील शाळेंत तो राहून शिकत असे. १९४६ च्या वसंतऋतूंत मान आखडल्याचें निमित्त झालें, आणि तपासणीअंतीं मेंदूंत गांठ असल्याचें कळलें. न्यूयॉर्क येथें शस्त्रक्रिया झाली. परंतु गांठ समूळ निघाली नाहीं. क्ष-किरण झाले, युद्धांतील विषारी वायूच्या जातीचें एक अगदीं नवें औषध टोंचून झालें, मीठ वर्ज्य करून कडक पथ्यहि झालें. मध्येंच मुलाला उतार पडे, घरांत आशा उत्पन्न होई, आणि पुन्हां दुखणें उलटे. आईबाप पूर्वींच विभक्त झाले होते. तीं दोघें मुलाच्या उशापाशीं एकत्र आलीं. पित्याचा 'इनसाइड यू.एस.ए.' हा प्रचंड ग्रंथ ह्याच धामधुमींत पुरा व्हावयाचा होता!

मुलाला स्वतःला मात्र चिंता होती ती बुडालेल्या अभ्यासाची. डावा हात व पाय दुबळे झाले, दृष्टि कमी झाली, तरी घरीं शिक्षक ठेवून त्यानें मागें राहिलेले विषय भरून काढले, परीक्षा दिल्या, आणि हार्वर्ड विश्वविद्यालयांत प्रवेशहि मिळविला. (थोडें डोकें दुखतांच शाळेला चिठ्ठी पाठविणाऱ्या आमच्या कांहीं बालमित्रांनीं हें दोनदां वाचावें.) जून १९४७ च्या आरंभीं शाळेचा पदवीदान समारंभ झाला. डोक्याला पट्टी बांधलेला जॉनी आपल्या सोबत्यांबरोबर आला, आणि नांव पुकारतांच कोणाच्याहि आधाराशिवाय हळूहळू चालत जाऊन त्यानें प्रमाणपत्र घेतलें. त्यानंतर महिनाहि लोटला नाहीं तोंच, ३० जून रोजीं, वयाच्या सतराव्या वर्षीं तो निवर्तला.

गंथर यांनीं ह्या पंधरा महिन्यांचा वृत्तान्त लिहिला. त्याला जॉनीचीं पत्रें व रोजनिशी जोडली, आणि शेवटीं मातेनें चार शब्द लिहिले. घरचें दुःख असें चव्हाट्यावर मांडावें कीं नाहीं, ह्याविषयीं ते साशंक होते. ही शंका आम्हांस रास्त वाटते. अशा ग्रंथावर धन मिळवणें म्हणजे मुलाचें मरण विकण्यासारखेंच झालें असतें. १९४९ सालीं 'डेथ बी नॉट प्राउड' प्रसिद्ध झालें, तेव्हां लेखकानें त्यांतून कांहीं घेतलें नाहीं, प्रकाशकानेंहि घेतलें नाहीं. तें द्रव्य मुलांच्या कर्करोगावरील संशोधनासाठीं देण्यांत आलें.

तो काळ लक्षांत घ्यावा. कर्करोग हा शब्द रोग्यासमोर उच्चारण्यासहि लोक कचरत. बोस्टन येथील डॉक्टर सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या मुलांना औषधानें तात्पुरता कां होईना उतार पडतो, हें १९४८ मध्येंच प्रथम दाखविलें होतें. पुढें ह्या विद्येची मोठी प्रगति झाली आणि मुलांचे अनेक कर्करोग आज वेळेवर उपचार झाल्यास बरे होतात. जॉनीला झाली तशी गांठ मात्र वैद्यांना अद्यापि दाद देत नाहीं.

गंथर यांनीं त्यानंतरहि पुष्कळ ग्रंथ लिहिले. २९ मे १९७० रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांनाहि कर्करोगच झाला होता. त्यांचे राजकारणावरील मोठमोठे ग्रंथ आतां फारसे कोणी उघडीत नाहींत. मुलावरचें तें लहानसें पुस्तक मात्र पुनःपुन्हां छापलें गेलें, आणि अमेरिकेंतील शाळांतून जॉनीच्याच वयाचीं मुलें तें वाचीत आलीं आहेत.