आधी जीव, मग नेम

काही वर्षांपूर्वीची हरतालिका. इथे मानोऱ्यात आमच्या ओळखीच्या एका घरी नववा महिना लागलेली सून निर्जळी उपास धरून बसली होती. दुपारी तिला घेरी आली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर तिनंच तोंड फिरवलं. मोडला तर? काही वाईट झालं तर? शेवटी सासूबाई उठल्या. साखर-लिंबाचं सरबत केलं, सुनेच्या ओठाला लावलं आणि पाप लागलं तर ते मला लागेल, असं सांगून मोकळ्या झाल्या. शाळेची पायरी न चढलेली ती म्हातारी! घरी येताना मला राहून राहून डॉ. जेरुशा झिराड आठवत होत्या.

नाव ऐकून वाटेल की या कोणी विलायती बाई असतील. तसं नाही हं मैत्रिणींनो. झिराड हे अलिबागजवळचं गाव. जेरुशाबाई बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. फार पूर्वी यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि वाचलेली माणसं इथलीच झाली, असं हा समाज सांगत आला आहे. केहीमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावं. तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे.

शनिवारी घाणा बंद, कारण ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत विसाव्याचा दिवस. त्याला शब्बाथ म्हणतात. काम नाही, चूल पेटवणं नाही. जेवणाचेही नियम आहेत. मासा खवल्यांचा आणि परांचाच हवा, मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. मग या बायकांनी काय केलं? मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध वापरलं! त्यांचं नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण. त्या दिवशीचा गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला. अंगावर साडी, गळ्यात मंगळसूत्र, लग्नाआधी मेंदी. धर्म त्यांचा, पण राहणी आपली. नेम पाळायचा, पण घरात जे आहे त्यातून वाट काढायची, हे या घरांमध्ये मुरलेलं होतं.

अशाच कुटुंबात 1890-91 च्या सुमारास जेरुशाचा जन्म झाला, तो कर्नाटकातल्या शिमोग्याला. शिक्षणासाठी तिला पुण्याला हुजूरपागेत ठेवलं. ती लहान असताना तिची बहीण खूप आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. बेन्सन या इंग्रज डॉक्टरीणबाईंच्या हातून बरी झाली. कामा म्हणजे खास बायकामुलांसाठीचं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरही बायकाच. आपणही अशाच डॉक्टर व्हायचं, हे छोट्या जेरुशानं तेव्हाच मनाशी ठरवलं.

आणि ठरवलं ते केलंही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ती डॉक्टर झाली. पुढे विलायतेला जायचं तर पैसा कुठला? टाटांच्या निधीतून कर्जाऊ मदत घेऊन ती लंडनला गेली. नंतर सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली. ती मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत शिकत, काम करत 1919 मध्ये तिनं प्रसूतिशास्त्रात एम.डी. केलं. परत आल्यावर दिल्ली, बंगळूर इथे नोकरी केली आणि मग मुंबईला कामा हॉस्पिटलमध्ये आली. ज्या दवाखान्यात बहीण वाचली, त्याच दवाखान्याची पहिली भारतीय मुख्य अधिकारी होण्याचा मान तिला मिळाला. 1947 मध्ये निवृत्त होईपर्यंत जेरुशाबाईंनी ते पद सांभाळलं.

आता तुमच्या मनात येईल, शब्बाथ पाळणाऱ्या समाजातली बाई आणि पेशा बाळंतपणाचा. बाळ काही शनिवार बघून थांबत नाही! मग कसं? तर ज्यू धर्मशास्त्राचं उत्तर अगदी स्पष्ट आहे. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा. ठेवला तर चालेल असं नाही, ठेवायचाच. अडलेल्या बाईसाठी दिवा लावा, सुईणीला आणा, लागेल ते करा. वर्षातला त्यांचा सर्वात कडक उपास योम किप्पूरचा, पाण्याचा थेंबही नाही. पण बाळंतिणीनं पहिले तीन दिवस तो धरायचाच नाही. आणि पोटुशी बाई अन्नाच्या वासानं कासावीस झाली, तर तिचा जीव शांत होईपर्यंत तिला खाऊ घालायचं. डोहाळे म्हणजे काय हे शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या शास्त्रकारांना बरोबर कळलं होतं, नाही का?

पण सगळ्याच प्रश्नांची उत्तरं अशी सोपी नव्हती. जुन्या रीतीप्रमाणे ज्यू प्रार्थनामंदिरात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बायका दहा असोत की शंभर, त्या मोजणीत धरत नाहीत. त्यांनी बसायचं वेगळं, वरच्या सज्जात नाहीतर मागे. प्रार्थना हिब्रू भाषेत, ती कितीजणींना कळणार? लंडनला असताना जेरुशाबाईंनी वेगळं पाहिलं होतं. तिथे लिली मॉन्टेग्यू नावाची बाईच धर्मसुधारणेच्या कामात पुढे होती. 1925 मध्ये जेरुशाबाईंनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू करायला पुढाकार घेतला. स्त्री-पुरुष एकत्र बसतील आणि लोकांना कळेल अशा भाषेतही प्रार्थना होईल, अशी ही मंडळी. समाजात ते सगळ्यांना पटलं असं नाही. बरेचजण जुन्या वाटेनंच गेले. पण भायखळ्याचं रोडेफ शालोम हे प्रार्थनामंदिर याच वाटेवरचं.

मला यात मोठं वाटतं ते हे की बाईंनी धर्म सोडला नाही. नको ते नियम म्हणून पाठ फिरवणं सोपं होतं. इतकी शिकलेली, परदेश पाहिलेली बाई, कोण विचारणार होतं? पण त्यांनी आपल्याच घरात राहून बायकांसाठी जागा मागितली.

दवाखान्यातही तेच. बाळंतपणात बाई दगावली की नशीब म्हणायचं, ही तेव्हाची रीत. मुंबईत बायका कशानं दगावतात, याचा 1937-38 च्या सुमारास त्यांनी रीतसर अभ्यास केला. एकेका मृत्यूचं कारण शोधायचं, म्हणजे पुढची वाचेल. नशिबाला कारण विचारणारी बाई ती! 1966 मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. 1984 मध्ये त्या गेल्या.

आपल्या तालुक्यात पोहरादेवीची यात्रा असते, घरोघरी व्रतं असतात, नवस असतात. मीही करते. श्रद्धा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण अमावास्या आहे म्हणून दवाखान्यात उद्या जाऊ, उपास आहे म्हणून गोळी नको, हे ऐकलं की पोटात गोळा येतो. प्रत्येक धर्मात कुठेतरी लिहिलेलं असतंच, की आधी जीव, मग नेम. ते शोधून सांगणारं माणूस घरात हवं.

त्या सुनेला चार दिवसांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पुढच्या हरतालिकेला सासूबाईंनी सुनेचाही उपास धरला आणि तिला सांगितलं, तू आपली पोरीला पाज.