डोळ्याच्या ऑपरेशनचं दुखणं घालवणारे कार्ल कोलर. एका थेंबापासून तीन औषधांच्या मिश्रणापर्यंत

वडोदरा : रावपुरा, दांडिया बाजारच्या मराठी घरांत आजी-आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सुई दुखेल का? अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडून गुजरातेत डोळे दाखवायला येणाऱ्यांचाही प्रश्न हाच. डोळ्याच्या बाजूला जी भुलीची सुई देतात, तिच्यात बहुतेक वेळा एकच औषध नसतं. दोन-तीन बाटल्यांतून मोजून ओढलेलं ते मिश्रण असतं. या सगळ्याची सुरुवात झाली ती १८८४ साली व्हिएन्नात, कार्ल कोलर या २६ वर्षांच्या डॉक्टरने डोळ्यात टाकलेल्या एका थेंबाने.

कोलर यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बोहेमियातल्या एका गावात ज्यू कुटुंबात झाला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. शिक्षण व्हिएन्नात झालं. डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं आणि तिथल्या नामवंत नेत्रविभागात सहायकाची जागा मिळवायची, एवढंच त्यांचं स्वप्न होतं.

तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे शिक्षाच होती. पेशंटला माणसं धरून ठेवायची. क्लोरोफॉर्म आणि ईथर आलेले होते, पण त्यांनी पूर्ण बेशुद्ध केलं की नंतर उलट्या व्हायच्या. त्या जोराने ताजी जखम उघडायची आणि चांगलं झालेलं ऑपरेशन वाया जायचं. पेशंट जागा हवा, पण डोळा बधिर हवा. हा मेळ कुणालाच जमत नव्हता.

कोलर यांचे मित्र सिग्मंड फ्रॉइड, जे पुढे मानसोपचारात जगप्रसिद्ध झाले, त्या वेळी कोकेनचा अभ्यास करत होते. १८८४ च्या उन्हाळ्यात त्यांनी त्यावर लेखही लिहिला. मग ते आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला गेले. इकडे कोकेनने जीभ बधिर होते हे कोलर यांच्या लक्षात आलं. जीभ बधिर होते तर डोळा का नाही? प्रयोगशाळेत त्यांनी आधी बेडकाच्या डोळ्यात द्रावण टाकलं, मग ससा आणि कुत्र्याच्या. शेवटी स्वतःच्याच डोळ्यात थेंब टाकून टाचणीच्या टोकाने स्पर्श केला. काहीच जाणवलं नाही.

११ सप्टेंबर १८८४ रोजी या थेंबांवर पहिलं ऑपरेशन झालं. चारच दिवसांनी हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. तिथे जायला कोलर यांच्याकडे पैसे नव्हते. म्हणून त्यांचा निबंध ब्रेटाउअर या दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवला. काही आठवड्यांत ही बातमी अमेरिकेपर्यंत पोहोचली. त्या वेळी बडोद्यात सयाजीराव गायकवाड २१ वर्षांचे होते. पूर्ण राज्यकारभार हाती येऊन त्यांना जेमतेम तीन वर्षं होत होती.

पुढच्या वर्षी फ्रॉइड यांच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा कोकेन घालायला स्वतः कोलर उभे होते. पण नाव झालं तरी नोकरी मिळाली नाही. जानेवारी १८८५ मध्ये एका सहकाऱ्याने त्यांच्या ज्यू असण्यावरून अपमान केला. कोलर यांनी त्याला थोबाडीत मारली. प्रकरण तलवारींच्या द्वंद्वयुद्धापर्यंत गेलं. समोरचा जखमी झाला, कोलर यांना खरचटलंही नाही. मात्र व्हिएन्नातली ती जागा त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. ते हॉलंडमध्ये उट्रेख्टला गेले आणि १८८८ मध्ये न्यूयॉर्कला. तिथल्या माउंट सिनाई हॉस्पिटलमध्ये त्यांनी काम केलं आणि तिथेच स्थायिक झाले.

औषधाचीही परीक्षा सुरूच होती. नुसत्या थेंबाने डोळ्याचा पृष्ठभाग बधिर व्हायचा, पण डोळा हलायचा थांबत नव्हता. त्यासाठी सुई डोळ्यामागे न्यावी लागली. १८८४ मध्येच न्यूयॉर्कच्या हरमन नॅप यांनी तो प्रयोग केला. पण सुईतून दिलेलं कोकेन अंगात भिनायचं, विषबाधा व्हायची, काहींचे जीवही गेले. शिवाय कोकेनने बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा आणि धूसर व्हायचा. व्यसनाचा धोका वेगळाच.

इथून औषधात औषध मिसळायला सुरुवात झाली. १९०१ च्या सुमारास ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात मिळू लागलं. जर्मनीच्या हाइनरिक ब्राउन यांनी १९०३ मध्ये ते भुलीच्या औषधात घालून दाखवलं. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे औषध रक्तात वाहून जात नाही, जागेवर टिकतं आणि कमी मात्रेत काम भागतं. थोड्याच काळात कोकेनऐवजी नोव्होकेन आलं. ते कमी विषारी होतं, पण एकट्याने फार टिकत नव्हतं. ॲड्रेनलिनच्या जोडीने त्याचा वापर जगभर झाला.

कोलर यांनी हे बदल हयातीत पाहिले. १९२२ मध्ये अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांना लुसियन हाउ पदक दिलं. ते पदक मिळवणारे ते पहिलेच. २१ मार्च १९४४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९४९ मध्ये, अमेरिकेच्या वॉल्टर ॲटकिन्सन यांनी डोळ्याच्या सुईत हायल्युरोनिडेज घालण्याची पद्धत मांडली. हे एन्झाइम पेशींमधला चिकट पदार्थ सैल करतं, म्हणून औषध डोळ्यामागे चटकन पसरतं. आज लिग्नोकेन लवकर काम करतं, बुपिव्हाकेन जास्त वेळ टिकतं आणि हायल्युरोनिडेज दोघांना वाट करून देतं. असा हिशेब बसवून सुई भरली जाते.

प्रत्येक जोडीची किंमतही असते. ॲड्रेनलिन हृदयरोग्याला त्रासाचं ठरू शकतं. त्याने डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो, म्हणून अनेक डॉक्टर ते टाळतात. हायल्युरोनिडेजची ॲलर्जी क्वचित येते, पण येते. म्हणून बीपी, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, आधी कुठल्या औषधाने उठलेलं पित्त किंवा आलेली सूज, हे सगळं ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. आजी विसरली तर सोबत गेलेल्याने सांगावं.

आता फेकोच्या बऱ्याच ऑपरेशनांत सुई लागतच नाही. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतात आणि पेशंट जागेपणीच मोकळा होतो. औषध बदललं, पण पद्धत कोलर यांचीच. वडोदऱ्याच्या दवाखान्यातून डोळ्यावर पट्टी बांधून घरी निघालेल्या आजीला हे नाव माहीत असायचं कारण नाही. तिला दुखलं नाही, एवढं पुरे.