सर टॉमस ब्राउन : संशय आणि श्रद्धा

सतराव्या शतकातील इंग्रजी गद्याच्या इतिहासात सर टॉमस ब्राउन या वैद्याचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. संशय आणि श्रद्धा त्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या. त्याच्या गद्याचे सामर्थ्य या सहवासात आहे, आणि त्याच्या चरित्रातील सर्वांत क्लेशकारक प्रसंगाचे मूळही तेथेच सापडते.

ब्राउनचा जन्म १९ ऑक्टोबर १६०५ रोजी लंडनमध्ये एका रेशीम-व्यापाऱ्याच्या घरी झाला. विंचेस्टर व ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर त्याने माँपेल्ये, पॅड्युआ आणि लायडन येथे वैद्यकाचा अभ्यास केला. १६३७ पासून अखेरपर्यंत नॉरिच हेच त्याचे कार्यक्षेत्र राहिले.

‘रिलिजिओ मेडिची’ (वैद्याचा धर्म) हे त्याचे पहिले पुस्तक हस्तलिखित रूपात फिरत असता १६४२ मध्ये त्याच्या संमतीवाचून छापले गेले. १६४३ मध्ये त्याने स्वतः सुधारलेली आवृत्ती काढली. वैद्य म्हटला की तो नास्तिक असावयाचाच, असा तत्कालीन समज होता. ब्राउनने त्याला आत्मपर, चिंतनशील गद्यातून उत्तर दिले. पुस्तक लॅटिन अनुवादामुळे युरोपभर पोहोचले आणि १६४५ मध्ये रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतही गेले.

१६४६ मधील ‘स्यूडोडॉक्सिया एपिडेमिका’ हा लोकभ्रमांची चिकित्सा करणारा ग्रंथ होय. हत्तीच्या पायांना सांधे नसतात, टांगलेला मृत खंड्या पक्षी वाऱ्याची दिशा दाखवितो, अशा समजुती त्यात तपासल्या आहेत. ब्राउनने खंड्या रेशमी धाग्याने खरोखरच टांगून पाहिला आणि समजूत खोटी ठरविली. ग्रंथप्रामाण्याहून अनुभव व तर्क श्रेष्ठ, ही त्याची भूमिका होती. विजेसाठी रूढ झालेला इंग्रजी शब्दही याच ग्रंथात आढळतो.

नॉरफोकमध्ये सापडलेल्या अस्थिकलशांच्या निमित्ताने त्याने १६५८ मध्ये ‘हायड्रिओटॅफिया’ लिहिले. ब्राउनने ते कलश रोमन मानले. पुढे ते अँग्लो-सॅक्सन ठरले. तथापि मृत्यू आणि कीर्तीची नश्वरता यांवरील त्यातील चिंतनाला या चुकीने बाध येत नाही.

बरी सेंट एडमंड्स येथील १६६२ च्या खटल्यातील चूक मात्र अशी निरुपद्रवी नव्हती. मुलांवर चेटूक केल्याचा आरोप असलेल्या एमी डेनी व रोझ कलेंडर या स्त्रियांच्या खटल्यात ब्राउनचे मत विचारण्यात आले. मुलांचे झटके हा नैसर्गिक विकार आहे. परंतु चेटकिणींच्या दुष्टाव्याला साहाय्य करणारा सैतान तो विकार बळावतो, असे मत त्याने दिले. दोघींना फाशी झाली. निकालावर या साक्षीचा नेमका किती परिणाम झाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. चेटकिणींवरील विश्वास त्याने ‘रिलिजिओ मेडिची’तच व्यक्त केला होता, त्यामुळे ही साक्ष त्याच्या विचाराला सोडून नव्हती. निसर्गाविषयीच्या समजुतींना त्याने प्रयोगाची कसोटी लावली. सैतानाचे अस्तित्व मात्र त्याच्या लेखी श्रद्धेच्या कक्षेत होते आणि तेथे संशयाला प्रवेश नव्हता.

१६७१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने त्याला ‘सर’ हा किताब दिला. १९ ऑक्टोबर १६८२ रोजी, आपल्या जन्मदिनीच, तो निवर्तला. अस्थींच्या विटंबनेवर चिंतन करणाऱ्या या लेखकाची कवटी १८४० मध्ये शवपेटीतून काढली गेली. तिचे पुनर्दफन १९२२ मध्ये झाले.

ब्राउनचे मूल्यमापन करताना त्याचे शैलीवैभव आणि ती साक्ष यांची फारकत करता येत नाही. गूढाविषयीच्या ज्या आदराने त्याच्या वाक्यांना गांभीर्य दिले, त्याच आदराने न्यायालयात त्याचा संशय निःशब्द केला.